साहेबांच्या शपथेचा पंचनामा

शेतकऱ्याच्या आयुष्यात शपथेला तोटा नाही. बाप वारला, वारसनोंद करायची, लिहून द्या प्रतिज्ञापत्र. सातबाऱ्यावर नावाचे स्पेलिंग चुकले, चूक तलाठ्याची, पण प्रतिज्ञापत्र शेतकऱ्याचे. पोराचा दाखला हरवला, प्रतिज्ञापत्र. खाली ठरलेले वाक्य छापलेले असते की वरील मजकूर खोटा आढळल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र राहीन. ज्याला वाचता येत नाही तोही त्याखाली अंगठा उठवतो आणि घरी येऊन दोन दिवस विचार करतो, काही चुकीचे तर लिहून दिले नाही ना?

शेतकऱ्याच्या शपथेवर सरकारचा विश्वास नसतो. शपथ घेतल्यावरही तलाठ्याचा अहवाल लागतो, मंडळ अधिकाऱ्याची सही लागते, दोन पंच लागतात. सरकारच्या शपथेवर मात्र सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो. उच्च न्यायालयात सरकारने प्रतिज्ञापत्र दाखल केले, त्यात म्हटले की अमुक तालुक्यात पिकाची स्थिती समाधानकारक आहे, तर ती समाधानकारक झाली. पऱ्हाटीला बोंडे नसली आणि ज्वारीचे कणीस पोटरीतच वाळले असले तरी झाली.

मोठ्या हुद्द्याचा सरकारी अधिकारी शपथ घेऊन खोटे बोलला तर पुढे काय होते, हा प्रश्न म्हणून आमच्या कामाचा आहे. त्याचे उत्तर शोधायला आम्ही एक जुने प्रकरण घेतले आहे. ते अमेरिकेचे आणि चिली नावाच्या देशाचे आहे. दूरचे वाटेल, पण सरकार नावाचा प्राणी सगळीकडे सारख्याच खोडीचा असतो. शिवाय या प्रकरणात कागद न् कागद बाहेर आलेला आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर बोलण्याची गरज नाही.

एक प्रश्न, एक उत्तर

चिली हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लांबट, चिंचोळा देश. आपल्याकडे कापूस, तसे तिथे तांबे. तांब्याच्या मोठ्या खाणी अमेरिकन कंपन्यांच्या हातात होत्या. ४ सप्टेंबर १९७० रोजी तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. साल्वादोर आयेंदे हे समाजवादी पुढारी सर्वांत जास्त मते घेऊन पुढे आले, पण निम्म्याहून जास्त मते कोणालाच नव्हती. अशा वेळी निवड तिथल्या संसदेने करायची, असा नियम होता. २४ ऑक्टोबरला संसदेने आयेंदेंना निवडले. आयेंदेंचे अर्थकारण आम्हाला पटते की नाही हा वेगळा विषय आहे. सरकारच्या हातात सगळा धंदा देऊन शेतकऱ्याचे भले होते असे आम्ही मानत नाही. पण चिलीच्या लोकांनी मत दिले होते आणि संसदेने कायद्याप्रमाणे निवड केली होती, एवढे पुरे.

अमेरिकेच्या सरकारला ते पुरले नाही. १५ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर अकराव्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयए या गुप्तहेर खात्याचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांना बोलावून घेतले. आयेंदे सत्तेवर येता कामा नये, असा हुकूम दिला. हेल्म्स यांनी बैठकीत स्वतःच्या हाताने टिपण केले. त्या टिपणात आहे की यशाची शक्यता दहात एक असली तरी चालेल, धोक्याची पर्वा नाही, एक कोटी डॉलर हाताशी आहेत, लागले तर आणखी मिळतील, आणि चिलीची अर्थव्यवस्था किंचाळली पाहिजे. तिथल्या अमेरिकन वकिलातीला यात गुंतवायचे नाही, असेही त्यात आहे. हा कागद पुढे जगाने पाहिला.

चिलीचे सेनापती जनरल श्नायडर हे राज्यघटना मानणारे होते. सैन्याने राजकारणात पडू नये, या मताचे. त्यांना पळवून नेण्याचे प्रयत्न बंडखोर अधिकाऱ्यांनी सुरू केले. या बंडखोरांशी सीआयएचे संधान होते. २२ ऑक्टोबरला पळवून नेण्याच्या झटापटीत श्नायडर यांना गोळ्या लागल्या आणि तीन दिवसांनी ते गेले. तरीही आयेंदे सत्तेवर आले. मग पुढची तीन वर्षे विरोधी पक्षांना आणि वृत्तपत्रांना पैसा पोचवणे चालू राहिले. अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने पुढे हिशेब मांडला तेव्हा १९७० ची निवडणूक ते १९७३ चे बंड एवढ्या काळात सुमारे ८० लाख डॉलर खर्ची पडल्याचे निघाले.

आता शपथेकडे येऊ. १९७२ च्या अखेरीस निक्सन यांनी हेल्म्स यांना सीआयएतून हलवून इराणमध्ये राजदूत म्हणून पाठवायचे ठरवले. अशा नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. ७ फेब्रुवारी १९७३ रोजी हेल्म्स सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे शपथेवर बसले. सिनेटर सायमिंग्टन यांनी सरळ विचारले, चिलीचे सरकार उलथण्याचा प्रयत्न तुमच्या खात्याने केला काय? हेल्म्स म्हणाले, नाही. आयेंदेंच्या विरोधकांना पैसा पोचवला काय? हेल्म्स म्हणाले, नाही.

ज्या हाताने अडीच वर्षांपूर्वी एक कोटी डॉलरचे टिपण केले, तोच हात वर करून घेतलेली ही शपथ. हेल्म्स राजदूत झाले. सात महिन्यांनी, ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत सैन्याने बंड केले, आयेंदे त्याच दिवशी मेले, आणि जनरल पिनोशे यांची राजवट १९९० पर्यंत टिकली. त्या राजवटीत मारल्या गेलेल्या आणि गायब झालेल्या माणसांचा सरकारी आकडा तीन हजारांच्या वर आहे. प्रत्यक्ष बंडात अमेरिकेचा थेट हात असल्याचा पुरावा सिनेटच्या समितीला मिळाला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. आम्ही दुसऱ्याकडून खरे बोलण्याची मागणी करतो, तेव्हा स्वतः सोयीपुरते खरे बोलून चालणार नाही.

खोटे उघडे पडले कसे

हेल्म्स यांचे खोटे कोणा हुशार वकिलाने पकडले नाही. त्यांच्यानंतर सीआयएच्या संचालकपदी आलेले कोल्बी यांनी १९७४ साली प्रतिनिधीगृहाच्या एका समितीला चिलीतल्या खर्चाची माहिती दिली. हॅरिंग्टन नावाच्या एका सदस्याने ती नोंद बसून वाचली, आणि ही बाब दाबली जाऊ नये म्हणून पत्रे लिहिली. ८ सप्टेंबर १९७४ रोजी बातमी वर्तमानपत्रात आली. मग लोकांनी दोन कागद शेजारी ठेवले. एकात खर्च, दुसऱ्यात ‘नाही’. पुढच्या वर्षी सिनेटने चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि बाकीचे कागद बाहेर आले.

म्हणजे खोटे उघडे पडले ते दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून. शेतकऱ्यांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवण्यासारखी आहे. माणसाची जीभ फिरते, जमाखर्च फिरत नाही. याच हेल्म्स यांच्या खात्याने माणसांच्या मनावर औषधांचे गुप्त प्रयोग केले होते. १९७३ साली हेल्म्स यांनी त्या प्रयोगांची कागदपत्रे नष्ट करायला लावली. सगळे संपले असे वाटले. पण १९७७ साली, माहितीच्या कायद्याखाली अर्ज आल्यावर, सुमारे २० हजार पाने सापडली. कुठे? हिशेबाच्या कागदांत. प्रयोगाच्या फायली जाळल्या, पण खर्चाची कागदे वेगळ्या इमारतीत पडून होती, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आपल्याकडेही बंधारा कागदावर वाहून जातो, पण त्याचे मोजमाप पुस्तक आणि देयक कुठेतरी शिल्लक असते.

शिक्षा किती, सत्कार किती

१९७७ साली अमेरिकेच्या कायदा खात्याने हेल्म्स यांच्यावर आरोप ठेवले. पण खोटी साक्ष दिल्याचा मोठा गुन्हा ठेवला नाही. तडजोड झाली. समितीपुढे पूर्ण व अचूक साक्ष दिली नाही, एवढ्या दोन किरकोळ गुन्ह्यांवर भागले. ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी हेल्म्स यांनी कोर्टात सांगितले की मी आरोपाला विरोध करत नाही. ४ नोव्हेंबरला न्यायाधीश पार्कर यांनी त्यांना भर कोर्टात खडे बोल सुनावले, तुम्ही इथे लाजिरवाणे होऊन उभे आहात असे म्हटले, आणि शिक्षा दिली दोन हजार डॉलर दंड व दोन वर्षांची कैद. कैद स्थगित. म्हणजे तुरुंगाचे दार पाहण्याचीही गरज पडली नाही.

बाहेर आल्यावर त्यांच्या वकिलाने सांगितले की ही शिक्षा आमचे अशील मानाच्या बिल्ल्यासारखी मिरवतील. हेल्म्स तिथून जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला गेले. तिथे सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि रद्दीच्या टोपल्या फिरवून दंडाची रक्कम जागच्या जागी गोळा केली. १९८३ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना राष्ट्रीय सुरक्षेचे पदक दिले.

आमच्याकडे वीजबिल थकले म्हणून मोटारीची जोडणी तोडतात, तेव्हा कोणी टोपली फिरवत नाही.

हे एकच उदाहरण नाही. इराणला चोरून शस्त्रे विकल्याच्या आणि तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवल्याच्या प्रकरणात अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांच्यावर १९९२ साली खोटी साक्ष दिल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांच्याही बाबतीत घोळ झाला तो त्यांच्या स्वतःच्या हस्तलिखित टिपणांमुळे. खटला उभा राहण्याआधीच २४ डिसेंबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांना आणि आणखी पाच जणांना माफी देऊन टाकली. खटलाच चालला नाही, त्यामुळे वाइनबर्गर दोषी होते असे म्हणता येत नाही, आणि निर्दोष होते असेही म्हणता येत नाही. त्या पाचांतले एलियट अब्राम्स यांनी तर संसदेपासून माहिती लपवल्याचे १९९१ साली कोर्टात कबूल केले होते. २०१९ साली त्यांनाच व्हेनेझुएलाच्या कामासाठी सरकारचा खास प्रतिनिधी नेमले गेले. घरच्या म्हाताऱ्याचे काळ कसा होतो, ते इथे दिसते. सरकार आपल्या खोटे बोलणाऱ्यांना विसरत नाही, पेन्शनीतही नाही आणि नेमणुकीतही नाही.

दोन शपथांचा वाद

हेल्म्स यांच्या बाजूने जे सांगितले गेले तेही ऐकले पाहिजे. ते म्हणत की मी एकाच वेळी दोन शपथांनी बांधलेला होतो. एक समितीपुढे खरे बोलण्याची, दुसरी खात्याची गुपिते राखण्याची. खरे बोललो तर दुसरी मोडते, गुपित राखले तर पहिली मोडते. देशाच्या सुरक्षेसाठी मी पहिली मोडली.

पहिल्यांदा ऐकताना हे पटते. पण नीट पाखडून पाहिले तर दाणा थोडा आणि भुसा फार. पहिली गोष्ट, ‘या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही’ असे म्हणायला जीभ अडत नव्हती. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यात फरक आहे. गुपित राखायला मौन पुरते. खोटे लागते ते प्रश्न विचारणाऱ्याला घरी पाठवायला. दुसरी गोष्ट, हेल्म्स हे नोकर होते आणि समोर बसलेले सिनेटर लोकांनी निवडून दिलेले होते. मालकाने गड्याला विचारावे, बियाणे कुठे गेले, आणि गड्याने म्हणावे की तुमच्या शेताच्या हितासाठीच मी ते सांगत नाही! तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्यापासून गुपित राखायचे त्या चिलीच्या लोकांना पैसा कुठून येतो याचा अंदाज होताच. अंधारात होते ते अमेरिकेचे मतदार, ज्यांच्या करातून तो पैसा गेला.

आपल्याकडे गुप्तहेर खात्याची गोष्ट सोडा, कापसाच्या उताऱ्याचा आकडासुद्धा गुपित असल्यासारखा राखला जातो. आणि कारण तेच दिले जाते, ‘व्यापक जनहित’.

आपल्या देशातला एक धडा

शपथेत काहीच दम नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कोळसा खाणींच्या वाटपाची सीबीआय चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चालली होती. मार्च २०१३ मध्ये सीबीआयने चौकशीचा अहवाल बंद पाकिटात न्यायालयाला दिला. १२ मार्चला न्यायालयात प्रश्न निघाला, हा अहवाल सरकारमधल्या कोणाला दाखवला होता काय? सीबीआयच्या बाजूने उभ्या असलेल्या सरकारी विधी अधिकाऱ्याने तोंडी सांगितले, दाखवला नाही. न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. सीबीआयच्या संचालकांनी स्वतः प्रतिज्ञापत्र करून हे सांगावे, असा आदेश दिला.

संचालक रणजित सिन्हा यांनी २६ एप्रिल २०१३ रोजी प्रतिज्ञापत्र दिले. त्यात लिहिले की अहवालाचा मसुदा कायदामंत्र्यांना, तसेच पंतप्रधान कार्यालयाच्या व कोळसा मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या इच्छेवरून दाखवला होता. काही दिवसांत त्या विधी अधिकाऱ्याने राजीनामा दिला. ८ मे रोजी न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटले आणि १० मे रोजी कायदामंत्री अश्विनीकुमार यांना जावे लागले.

तोंडी विधान वकिलाच्या तोंडून आले होते. प्रतिज्ञापत्रावर सही स्वतःची होती. वकिलाच्या तोंडून खोटे बाहेर पडणे सोपे असते, कारण उद्या म्हणता येते की मला तसे सांगितले गेले होते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, नेमक्या प्रश्नाला लेखी उत्तर देताना हात कापतो. न्यायालयाने केले ते एवढेच. प्रश्न नेमका केला आणि सही कोणाची हवी ते ठरवून दिले.

कायदा काय म्हणतो

न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, ही तरतूद इंग्रजांच्या काळापासून आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानाचे कलम १९३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आता ते कलम २२९ आहे. कायदा शेतकरी आणि सचिव यांच्यात भेद करत नाही. भेद होतो तो अंमलबजावणीत.

पहिला अडसर हा की खोट्या साक्षीचा खटला कोणाही नागरिकाला थेट भरता येत नाही. ज्या न्यायालयात खोटे सांगितले गेले त्याच न्यायालयाने तक्रार करावी लागते. आपण अर्ज करू शकतो, पण न्यायहितासाठी चौकशी गरजेची आहे असे न्यायालयाला वाटले पाहिजे. आधीच मूळ खटल्यांचे ढीग, तिथे ही जादा डोकेदुखी घ्यायला न्यायालये फारशी राजी नसतात. दुसरा अडसर, सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल मोठ्या अधिकाऱ्यावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, आणि खोटे बोलणे हेसुद्धा कर्तव्यच होते असा युक्तिवाद करणारे वकील मिळतात. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, एक सुधारणा आहे. मंजुरीच्या मागणीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. ही तारीख मोजायला शिकले पाहिजे.

तिसरा अडसर सर्वांत चतुर. सरकारचे प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा खालच्या अधिकाऱ्याकडून करवून घेतात. निर्णय मंत्रालयात होतो, सही नायब तहसीलदाराची. शेवटी ओळ असते की हा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व अभिलेखावरून खरा आहे. अभिलेख कोणता, तारीख काय, कोणी केला, काहीच नाही. खोटे निघाले तर साहेब म्हणणार, मी सही केली नाही. सही करणारा म्हणणार, मला वरून आले ते लिहिले. कुंपणाने शेत खाल्ले, आणि कुंपण कोणाच्या मालकीचे हेच सापडत नाही.

चूक आणि खोटे

इथे आमच्या कार्यकर्त्यांना एक सावधगिरीचा शब्द. प्रत्येक चुकीचा आकडा म्हणजे खोटी शपथ नव्हे. पिकाचा अंदाज हा अंदाजच असतो. एका मंडळात मोजके प्लॉट कापून साऱ्या मंडळाचा उतारा काढला की तो प्रत्येक शेताला लागू पडणार नाही, हे शेतीशास्त्र शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. हलक्या जमिनीतली ज्वारी आणि नाल्याकाठची ज्वारी एका मापाने मोजली की चूक होणारच. तिला चूक म्हणावे, दुरुस्त करून मागावी.

खोटे ते, जे माहीत असून उलटे सांगितले. हेल्म्स यांच्याजवळ स्वतःच्या हाताचे टिपण होते, म्हणून त्यांचे ‘नाही’ हे चुकीच्या आठवणीत बसत नाही. आपल्याकडेही कसोटी तीच. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या फायलीत एक आकडा आणि प्रतिज्ञापत्रात दुसरा, असे दिसले तरच आरोप करायचा. एरवी नाही. भाषणात टाळ्या मिळतात म्हणून एखाद्या तहसीलदाराला खोटारडा म्हणणे सोपे आहे. पण दहापैकी एक आरोप फुसका निघाला की उरलेले नऊ खरे आरोपही त्याच्याबरोबर वाहून जातात.

आपण काय करायचे

पहिले, प्रश्न नेमके विचारायचे. ‘सरकार शेतकऱ्यांना न्याय देणार काय?’ या प्रश्नाला कोणीही ‘होय’ म्हणेल आणि ते कधीच खोटे ठरणार नाही. असे विचारा: आमच्या मंडळात कापसाचे पीक कापणी प्रयोग कोणत्या गट नंबरांत झाले? कापसाच्या वेचण्या तीन-चार होतात, तर प्रत्येक वेचणीचे वजन कोणत्या तारखेला घेतले? त्या वेळी हजर कोण होते? सायमिंग्टन यांचे प्रश्न एका ओळीचे होते आणि उत्तर हो किंवा नाही असेच येणार होते. म्हणूनच ते उत्तर पुढे अंगाशी आले. लांबलचक प्रश्नाला पळवाटा फार.

दुसरे, उत्तर लेखी घ्यायचे आणि सहीखाली नाव व हुद्दा मागायचा. मामला कोर्टात असेल तर आपल्या वकिलाला सांगायचे की ज्या अधिकाऱ्याने निर्णय घेतला त्याचेच प्रतिज्ञापत्र मागा, आणि कोणता मजकूर स्वतःच्या माहितीतला व कोणता कोणत्या कागदावरचा, हे परिच्छेदवार लिहून मागा. ही मागणी कायद्याला धरून आहे.

तिसरे, दुसरा कागद मिळवायचा. २००५ चा माहितीचा अधिकार यासाठीच आहे. अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रती मागता येतात, तशी फाईल बसून पाहताही येते. नुसता अहवाल मागू नका. अहवालाच्या मागचे पंचनामे, प्रयोगाचे तक्ते, वाहनाची नोंदवही, प्रवासभत्त्याची देयके मागा. ज्या दिवशी साहेबांनी आपल्या शिवारात पाहणी केली असे लिहिले आहे, त्या दिवशी साहेबांची गाडी कुठे होती, हे लॉगबुक सांगते. हेल्म्स यांचे राहिलेले कागद हिशेबाच्या इमारतीत होते, हे विसरू नका.

चौथे, आपलाही कागद हवा. गावात एका चांगल्या अक्षराच्या पोराने किंवा पोरीने एक वही ठेवावी. पावसाच्या तारखा, पेरणी, दुबार पेरणी, बोंडअळी पहिल्यांदा दिसली तो दिवस, पहिली वेचणी, शेवटची वेचणी, एकरी किती आले. ई-पीक पाहणी मोबाईलवर केली तर त्याची प्रत ठेवावी. विम्याची सूचना दिली तर तिचा नंबर वहीत उतरवावा. कापूस विकला तर काट्याची पावती जपावी. सरकारी आकड्यासमोर ठेवायला आपल्याजवळ आकडा नसेल तर आपण नुसतेच ओरडणार, आणि ओरडणाऱ्याकडे न्यायालय पाहत नाही.

पाचवे, आपली स्वतःची शपथ खरी ठेवायची. हे कडू आहे, पण बोलले पाहिजे. ज्या गावात न पेरलेल्या पिकाचा विमा काढला जातो, सरकारी पडीक जमिनीवर दुसऱ्याच्या नावाने कापूस दाखवला जातो, त्या गावाला साहेबांच्या शपथेचा पंचनामा करता येणार नाही. असे प्रकार करणारे बहुधा शेतकरी नसतातच, सेवा केंद्रांच्या आडोशाने धंदा करणारे दलाल असतात. पण नाव शेतकऱ्याचे जाते, आणि मंत्री विधिमंडळात उभा राहून सगळ्या शेतकऱ्यांना एका माळेत ओवतो. त्यांना गावातच अडवा.

चिलीच्या प्रकरणात हेल्म्स अखेर तुरुंगात गेले नाहीत, हे खरे आहे. मग मिळाले काय, असे कोणी विचारील. मिळाले ते हे की त्यानंतर त्या देशात गुप्त कामांवर नजर ठेवायला संसदेच्या कायमच्या समित्या बसल्या आणि आज पन्नास वर्षांनंतर विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरीही सांगू शकतो की त्या दिवशी ते उत्तर खोटे होते. आकडा एकदा कागदावर पक्का झाला की पुढच्या साहेबाला तोच खोटेपणा पुन्हा करताना चारदा विचार करावा लागतो. शिक्षा होईल न होईल, ते आपल्या हातात नाही. कागद जुळवणे आपल्या हातात आहे.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी घेऊन यायच्या आहेत. आपल्या मंडळातल्या मागच्या खरिपाच्या पीक कापणी प्रयोगांची यादी, मिळाली नसेल तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच. आणि निदान पाच गावांच्या वह्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचू. जिथे जुळेल तिथे अधिकाऱ्याचे मोकळ्या मनाने कौतुक करू. जिथे जुळणार नाही तिथे एका ओळीचा प्रश्न लिहून काढू, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्याच्या नावासाठी जागा सोडू.